साडूंची डावी मूठ

जळगावात राहून थंडीशी वैर धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. ज्या गावात उन्हाळ्यात कावळेसुद्धा गळक्या नळाखालची जागा धरून बसतात, जिथे दारात आलेल्याला आधी पाण्याचं विचारतात आणि नाव मागाहून, त्या गावात हे गृहस्थ दसऱ्याला कानटोपी चढवत आणि होळी पेटलेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय उतरवत नसत. शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी असे, त्यामुळे जेवायला खाली वाकले की आतून बातम्या चुरगळल्याचा आवाज येई. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सांगायची की मार्गशीर्षातलं लग्न, अंतरपाट दूर झाला तेव्हा तिला आधी मफलर दिसला आणि नवरा त्यातून हळूहळू शोधावा लागला. यावर साडू शांतपणे म्हणत, की मफलर नसता तर नवरा सापडलाच नसता.

पेशाने ते जनावरांचे डॉक्टर. घर मेहरूणच्या तलावाजवळ आणि दवाखाना धुळे रस्त्यावर, एरंडोल ओलांडून पुढे एका खेड्यात, त्यामुळे रोज सकाळी मोटारसायकल आणि गार वारा या दोघांशी त्यांची गाठ पडे. जनावरांच्या मालकांशी ते अरेतुरेत बोलत आणि जनावरांशी अहोजाहोत. "बाईसाहेब, जरा सरकून घ्या," असं म्हशीला, आणि तिच्या मालकाला, "ए, शेपटी धर." गोठ्यात उगाच मोठ्यानं बोलणाऱ्या एका बड्या शेतकऱ्याला त्यांनी याच चालीवर बाहेर काढलं आणि मग त्याच्या बैलाची माफी मागितली. ज्या घरची गुरं बारीक असतील त्या घरचा चहा ते पीत नसत. तरी लोक त्यांच्यावर जीव टाकत, कारण त्यांचा डावा हात. गाय गाभण आहे की नाही हे पाहायला डॉक्टरला खांद्यापर्यंत हात आत घालावा लागतो आणि तिथे जे असेल ते बोटांनीच वाचावं लागतं. साडू त्यासाठी डावा हात वापरत. डोळे मिटून क्षणभर उभे राहत आणि एक शब्द बोलत, "आहे" किंवा "नाही". या हाताला डोळे आहेत असं सगळा मुलूख म्हणे, आणि तो शब्द कधी खोटा पडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. हात मात्र उबदार हवा, हा त्यांचा नेम. गार हात घेऊन गायीकडे जाणं म्हणजे चपला घालून कुणाच्या देवघरात शिरणं, असं ते म्हणत, आणि एवढी एक गोष्ट सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नसे.

तर या हातासाठी त्यांनी गरम मुठी बनवल्या. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, शेवटाकडची. परदेशात म्हणे मोटारसायकलच्या हँडलच्या मुठी विजेवर गरम होतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि आपला हात जगन्नाथ म्हणून स्वतःच कामाला लागले. अक्काची चालती इस्त्री उघडून आतली तार काढली, अभ्रकाचे पातळ तुकडे लावून ती हँडलच्या दोन्ही टोकांना गुंडाळली, वरून सायकलची ट्यूब, आणि त्याच्यावर एका जुन्या चपलेचं चामडं शिवलं. बटण न्हाणीघरातलं उचकटून पेट्रोलच्या टाकीजवळ बसवलं. तेव्हापासून न्हाणीघराच्या दिव्यासाठी भिंतीतल्या दोन तारा एकमेकींना टेकवाव्या लागत, म्हणून अक्कानं अंधारात अंघोळ करायची सवय लावून घेतली. मुठी मात्र खरोखर तापल्या. एवढंच, की त्या तापल्या की हेडलाइट मंद होऊन विझायला येई. उजेड हवा की ऊब, असा प्रश्न होता. साडूंनी ऊब निवडली आणि पौषातल्या धुक्यातून ते बिनदिव्याचे जाऊ लागले. समोरचे ट्रकवाले काय म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वाटेत, एरंडोल सोडल्यावर, रस्त्याला लागून एका म्हाताऱ्याचं शेत होतं. शेतात झोपडी, झोपडीत म्हातारा, त्याची म्हातारी, एक गाय आणि एक पिवळट कुत्रा. म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत आणि म्हातारीला माय. तिथे साडूंचा रोजचा चहा ठरलेला, कारण गाय अंगानं भरलेली होती. साडू चहा पिईपर्यंत इंजिन चालू असे, आणि तेवढ्या वेळात आबा मोटारसायकलशी उभे राहून त्या मुठींवर हात शेकून घेत. त्यांना थंडी अजिबात सोसत नसे. या एका बाबतीत साडूंना जगात जोडीदार मिळाला होता, आणि दोघांची मैत्री बहुधा तेवढ्यावरच होती. पहिल्या दिवशी आबांनी भीत भीत हात ठेवला, मग डोळे मोठे केले आणि म्हणाले, "हाई गाडीना हात गरम शेतस, डाक्टर. जित्ता माणूसना बी इतला ऱ्हातस नही." जिवंत माणसाचेही इतके गरम नसतात म्हणे. हे वाक्य साडूंना इतकं आवडलं की ते त्यांनी आम्हाला बऱ्याचदा जेवताना ऐकवलं. आबांचा आवडता हात डावा, कारण तो चुलीकडच्या बाजूला येई. संक्रांत झाली आणि आबा गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका रविवारी, साडू मोटारसायकल घेऊन माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सर, डावी मूठ गार आहे." मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे नातेवाइकांत पंखा, रेडिओ, मिक्सर, सगळ्यांचे आजार माझ्याकडे येत, आणि बहुतेक माझ्या हातूनच वाढत. तरी मी उत्साहानं बसलो. बल्ब लावून पाहिला, पेटला. तार कुठे तुटली नव्हती. जोड घासून पुन्हा आवळले. मुठीला हात लावला तर चांगली ऊन. साडू म्हणाले, घरी ती ठीकच असते, गार पडते ती एरंडोलच्या पुढे. मग मी पक्का उपाय केला. दोन्ही मुठींची तार उलगडून डावीची उजवीकडे आणि उजवीची डावीकडे गुंडाळली. दोष तारेत असेल तर तो आता उजवीकडे जाईल, असं मी त्यांना वर्गात सांगतात तसं समजावून सांगितलं. दोन दिवसांनी ते परत आले. उजवी उत्तम. डावी गार. म्हणजे दोष तारेत नव्हता, डावीकडे होता. बॅटरीपासून जाणारी जोडणीही बदलली, तरी तेच. माझं सगळं विज्ञान वापरून मी एवढंच सिद्ध केलं, की त्या मोटारसायकलच्या डाव्या बाजूला काहीतरी आहे.

हे ऐकून साडूंनी मूठ एकदा चाचपली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, की ती नेमकी आबांच्या झोपडीपाशी गार पडते.

मी त्यांच्या मागे बसून स्वतः जायचं ठरवलं. माघातली सकाळ होती, गिरणेच्या पुलावर धुकं इतकं की पूल पुढे आहे हे नुसत्या विश्वासावर धरून चालायचं. एरंडोल मागे पडलं, झोपडी आली, आणि साडूंनी गाडी थांबवून डावा हात वर उचलला. "घ्या. गार." मी वाकून मूठ धरली. ती गरम होती. चांगला चटका बसेल इतकी गरम. मी तसं म्हणालो, तर साडूंनी दयेनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही आलात म्हणून. पाहुणा आला की आबा हात काढून घेतात. जुन्या वळणाचे होते."

मला हसू आलं, पण ते पुरतं यायच्या आत झोपडीच्या दारातला पिवळा कुत्रा उठला. आळोखेपिळोखे देत आला, मोटारसायकलला वळसा घालून डाव्या बाजूला उभा राहिला, वर मुठीकडे तोंड केलं आणि शेपटी हलवू लागला. तिथे कोणी नव्हतं. साडू उतरून उजव्या बाजूला उभे होते, मी मागच्या सीटवरून वाकलेलो. माय दारात येऊन म्हणाली, "हाऊ कोनासाठेच उठत नही, भाऊ. तुमनी गाडी उनी का मंग उठस." गाडी आली की मगच उठतो म्हणे. मी मुठीवरचा हात काढून घेतला. का ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण कुणाच्या तरी हातावर हात पडल्यासारखं मला वाटलं खरं.

साडूंनी भुताला ज्या सहजपणे घरात घेतलं ते बघून मी थक्क झालो. एरवी हा माणूस अंगारा देणाऱ्या भगताला जंतनाशक पाजीन म्हणणारा. पण आबांच्या बाबतीत त्यांचं मन फार मऊ झालं. म्हाताऱ्याला थंडी वाजते, शेकू दे बिचाऱ्याला, असं म्हणून झोपडी आली की ते डावा हात हँडलवरून उचलून मांडीवर ठेवत आणि एका हाताने गाडी हाकत. थांबले की इंजिन थोडं जास्त वेळ चालू ठेवत. पुढे पुढे ते डावीकडे मान कलती करून बोलूही लागले. यंदा कपाशी कशी आहे, मायचा खोकला थांबला, गाय मजेत आहे. रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाडीवाल्यांनी ते पाहिलं आणि लोक मला येऊन विचारू लागले, की डॉक्टर बरे आहेत ना. मी बरे आहेत म्हणून सांगत असे. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथे कांकणही दिसत नव्हतं आणि आरसाही.

मग एक दिवस त्यांनी सांगितलं, की आबा आता झोपडीपाशी थांबत नाहीत, एरंडोलच्या अलीकडेच गाडीवर येतात. महाशिवरात्रीच्या सुमारास ते गिरणेच्या पुलापाशी भेटू लागले. अक्कानं ऐकून सुटकेचा श्वास सोडला, कारण भूत वाहतं पाणी ओलांडत नाही, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. पण शिमगा झाला आणि साडू एका संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाले, की आबा पूल ओलांडून आले. गिरणेला तेव्हा पाणीच नव्हतं. त्यानंतर ते मेहरूणच्या तलावाच्या वळणावर उभे राहू लागले. रोज थोडे अलीकडे. मी विज्ञानाचा माणूस, पण त्या दिवसांत संध्याकाळी मेहरूणला जायचं तर मी तलावाच्या वळणावरून न जाता गल्लीतून जाई. चैत्र लागला तेव्हा मूठ फाटकातच गार पडू लागली, गाडी स्टँडवर उभी असताना. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, आता आबा आत येतील, मग मी काय करू? तिच्या आवाजात भूतबाधेची भीती नव्हती. नवरा हातचा चालला आहे, ही भीती होती.

हवा एव्हाना तापली होती. जळगावचं चैत्रातलं ऊन, लोक डोक्याला ओले रुमाल बांधून फिरत होते, आणि साडू कोपऱ्यावरच्या पानवाल्यासमोरून गरम मुठीचं बटण दाबून जात. या उन्हातही मूठ धरतात का, अशी आबांची परीक्षा घेतो, म्हणायचे. पानवाल्यानं मला विचारलं, तुमचे साडू हिवाळ्याची थंडी साठवून ठेवतात का? मी त्याच्याबरोबर हसलो. पण साडूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं की हसू टिकत नसे. मागे कधी नव्हती अशी एक कळा त्यावर आली होती, आणि हात ते सतत खिशात ठेवत.

तोडगा त्यांनीच काढला. आखाजी जवळ आली होती. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि गोवरीच्या निखाऱ्यांवर तूप आणि पुरणपोळीचा घास ठेवतात. त्याला आगारी म्हणतात. तो घास जळाला की पोचला. आबांची ही पहिलीच आखाजी. साडू म्हणाले, मायकडे जाऊन मी आगारीला घास टाकतो आणि आबांना समोरासमोर सांगतो, की दिवस तापले, आता मूठ सोडा. कचेरीत अर्ज करावा तसा त्यांनी मजकूरही पाठ केला होता. सोबत मी हवा होतो, साक्षीदार म्हणून.

भर दुपारी आम्ही पोचलो. मुठी सुरूच होत्या. झोपडीसमोर निंबाखाली भावकीतली माणसं जमली होती. मायनं साडूंना पाहिलं आणि आधी गोठ्याकडे बोट दाखवून हसत म्हणाली, "डाक्टर, तुम्ही ते गाय खाली शे म्हनेल व्हतात. दखा तिनं पोट." गाय उभी होती आणि तिचं पोट लांबूनही दिसत होतं. माघात साडूंनी तिच्यात हात घालून, डोळे मिटून, "नाही" म्हटलं होतं. बाजारात न्यायचं चाललं होतं तिला, केवळ मायचा जीव होईना म्हणून राहिली. सगळे हसले. गंमत म्हणूनच हसले, कारण तो हात चुकणं हीच मोठी गंमत होती. साडू हसले नाहीत. ते गायीकडे बघत इतका वेळ उभे राहिले की कुणीतरी त्यांना हाताला धरून पाटावर बसवलं.

घागरीची पूजा झाली. निखारे फुलले होते. मायनं तूप सोडलं, धूर झाला, आणि साडूंनी घास ठेवायला हात पुढे केला, डावा, आबांच्या बाजूचा. तेवढ्यात गोवरी ढासळली आणि एक निखारा बाहेर घरंगळला. साडूंनी तो हातानंच लोटला. बोटांनी नाही, हाताच्या कडेनं आणि करंगळीनं, घरातली बाई पोळीचा कडेला गेलेला तुकडा सावरते तसा सावकाश आत सारला, आणि नीट बसला नाही म्हणून हात तिथेच ठेवून दाबून बसवला. चेहऱ्यावर काही नाही. ओठांनी ते त्यांचा पाठ केलेला अर्ज पुटपुटत होते. मग मागून एका बाईनं दबक्या आवाजात म्हटलं, "आबा उनात." आबा आले. बायकांनी पदर पुढे करून हात जोडले, एकानं साडूंच्या पायाशी डोकं टेकवलं. पिवळा कुत्रा उठून त्यांच्या डावीकडे येऊन बसला.

मला मात्र वास आला. कातडं जळल्याचा. मी त्यांचा दंड धरून हात मागे ओढला आणि उलटा करून पाहिला. करंगळीच्या बाजूची कड भाजून पांढरी पडली होती, आणि तिच्याशेजारी तळहातावर जुने फोड होते, एकाशेजारी एक, मुठीच्या तारेच्या वेढ्यांनी आखल्यासारखे. किती महिने मी वायर तपासत होतो, आणि त्या मुठीनं यांचा हात रोज भाजत होता. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं.

मी त्यांना रस्त्याकडे नेलं, मोटारसायकलपाशी. कधीपासून, असं विचारलं. ते म्हणाले, "बैलाचा खूर आतून नासायला लागला तर मी लांबून चालीवरून ओळखतो, सर." एवढंच बोलून ते हाताकडे बघत राहिले. मी म्हणालो, मग आबा?

"आबाच असते तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

मग निंबाला टेकून त्यांनी जे सांगितलं ते अक्कालाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लहानपणी घरात एक चुलता होता, तमाशातल्यासारख्या नकला करून पोरांना हसवणारा. त्याला रगतपिती झाली, म्हणजे महारोग. त्याला मळ्यातल्या खोपीत ठेवलं आणि ताट काठीनं पुढे सरकवायचे. त्याचीही सुरुवात करंगळीपासून झाली होती. साडूंना पुस्तकातलं सगळं माहीत होतं. आता त्यावर गोळ्या आहेत, तो बरा होतो, असं ते स्वतः दवाखान्यात लोकांना सांगत. पण करंगळी मुकी पडायला लागली तेव्हा पुस्तक आठवलं नाही, काठी आठवली. आणि नेमके तेव्हाच आबा गेले. मेलेला मित्र मूठ धरून बसतो, हे त्यांना त्या काठीपेक्षा सोसण्यासारखं वाटलं. भुतावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, त्यांनी तो ओढूनताणून बसवला होता. हात आधी वाऱ्यानं एरंडोलपुढे मुका पडे, मग रोग वाढला तसा रोज थोडा आधी, आणि आबाही तेवढेच अलीकडे येत. हसावं की रडावं हे मला कळेना, आणि मी जरा रडलोच.

जळगावात सगळे ओळखतात म्हणून आम्ही धुळ्याला एका कातडीच्या डॉक्टरकडे गेलो, एसटीनं. कोणी ओळखू नये म्हणून साडूंनी वैशाखात कानटोपी आणि मफलर चढवला, परिणामी अख्खी एसटी त्यांच्याकडेच बघत होती आणि एकानं ओळखून नमस्कारही केला. धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले, हातावर पीस फिरवलं, टाचणी टोचली, आणि दर वेळी कळतंय का म्हणून विचारलं. साडू डोळे मिटून बसले, गोठ्यात उभे राहत तसेच, आणि पीस करंगळीवर फिरत असताना म्हणाले, "नाही." हा शब्द त्यांच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकला होता. डॉक्टरांनी कोपरामागची शीर चाचपली, ती दोरीसारखी जाड झाली होती. मग म्हणाले, "रोग जाईल, त्याची काळजी सोडा. हाताला परत कळू लागेल की नाही, ते मात्र मी सांगू शकत नाही."

घरी अक्काला मीच सांगितलं, कारण साडू ओट्यावरून आत यायला तयार नव्हते. तिनं ऐकून घेतलं. ताट वाढलं, त्यांना हाताला धरून आणून पाटावर बसवलं, आणि त्यांनी एक घास घेतल्यावर त्याच ताटातली उरलेली कळण्याची भाकरी मोडून समोर बसून खाऊ लागली. खाताना म्हणाली, की म्हणजे फाटकात आबा नव्हते तर, मी आपली रोज त्यांच्यासाठी पदर सावरून जात होते. साडू तेव्हा हसले, कितीतरी दिवसांनी.

गोळ्या सुरू झाल्या. डाव्या मुठीची तार मी स्वतः तोडली, हात पुन्हा भाजू नये म्हणून. गुरांसाठी साडूंनी उजवा हात शिकवायला घेतला आणि त्याला शिव्या घालत राहिले. "अडाणी आहे," म्हणायचे, "नुसतं चाचपतो, वाचता येत नाही." लोकांना काही कारण सांगावं लागलंच नाही. आगारीपासून त्या भागात असा समज झाला होता, की डॉक्टरांचा डावा हात आबांनी मागून घेतला, आणि त्याबद्दल त्यांचा मान वाढलाच. तो समज त्यांनी मोडला नाही. मायची गाय वेळेवर व्याली आणि साडू त्या वासराला फार आदरानं वागवत, त्याचा अपमान झाला होता ना.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात मी पुन्हा त्यांच्या मागे बसलो. धुकं तसंच होतं. आता फक्त उजवी मूठ गरम होई, त्यामुळे हेडलाइट अर्धा पेटे, आणि ट्रकवाल्यांनी नवे शब्द शोधले होते. झोपडीपाशी साडूंनी नेहमीप्रमाणे गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं. आबांना शेकायला तार उरली नव्हती, पण सवय मोडली नव्हती. मी उतरलो. ते उतरेनात. डावा हात मुठीवर होता आणि मान कलती झाली होती. मला वाटलं पुन्हा आबांशी बोलतात.

"सर," ते म्हणाले, "डावी मूठ गार आहे."

मी तार तोडली आहे, गारच असणार, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी हात लावून पाहिला. चामड्यावर दव होतं आणि मूठ बर्फासारखी गार होती. साडूंनी हात उचलला, गालाला लावला, पुन्हा मुठीवर ठेवला. "गार आहे हो," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. थंडीशी जन्मभर वैर केलेला हा माणूस त्या सकाळी हातमोजा न घालता ती गार मूठ धरून बसून राहिला, माय चहा घेऊन येईपर्यंत. नंतर त्यांनी गोठ्यात जाऊन गायीची परवानगी मागितली आणि डावा हात वापरला. बराच वेळ डोळे मिटून उभे होते. "आहे," म्हणाले, आणि मग खात्रीसाठी उजव्यालाही विचारलं. त्यानंही हो म्हटलं. करंगळी तेवढी शेवटपर्यंत परत आली नाही.

साडूंना जाऊन आता काही वर्षं झाली. अखेर थंडीतच गेले, छातीवर त्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं. त्या पिवळ्या कुत्र्याचं मला अजून काही करता आलेलं नाही. बाकी सगळ्या गोष्टीचा मी विज्ञानानं उलगडा केला, पण तो डावीकडेच का येऊन उभा राही, याचं उत्तर माझ्यापाशी नाही आणि आता कुत्राही नाही. मोटारसायकल अक्कानं माझ्याकडे दिली आहे. अंगणात उभी असते. पौषातल्या सकाळी दूध घ्यायला बाहेर पडलो की जाता जाता मी डाव्या मुठीवर हात ठेवतो. गारच असते. "साडू, डावी गार आहे," असं मी म्हणतो, आणि थोडा वेळ हात तसाच ठेवतो.